परत द्यायचं मूल

(प्रस्तावना)

आई पहिल्यांदा इंग्लंडला आली त्या उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर कौन्सिलच्या माहितीपत्रकांचा गठ्ठा पडलेला असे. लंडनबाहेरच्या एका कौन्सिलच्या फॉस्टरिंग विभागात मला नोकरी लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दर शनिवारी कुठल्यातरी ग्रंथालयात नाहीतर बाजाराच्या तोंडाशी टेबल मांडून ती पत्रकं वाटायची, हे माझं काम. आईला इंग्रजी वाचता येई. भाजी निवडता निवडता तिने एक पत्रक उचललं, चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं आणि विचारलं, "म्हणजे तुमची नगरपालिका लोकांना मुलं सांभाळायला देते?"

मी हो म्हटलं.

"किती दिवस?"

कधी दोन रात्री, कधी दोन वर्षं, कधी मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत.

"आणि मग?"

मग बरीचशी मुलं परत जातात, आईवडिलांकडे किंवा आजीकडे. काही दत्तक जातात.

तिने पत्रक खाली ठेवलं आणि मेथीची जुडी पुढे ओढली. "परत द्यायचं असेल तर घ्यायचं कशाला?"

पुढच्या वीसेक वर्षांत हा प्रश्न मी पंजाबी आजीच्या तोंडून ऐकला, जमैकन बसचालकाच्या ऐकला, पिढ्यान् पिढ्या त्याच गल्लीत राहिलेल्या इंग्रज जोडप्याच्या ऐकला. चांगली, मायाळू माणसं नेमकी इथेच अडतात. कौन्सिलला मुलं सांभाळणारी घरं मिळत नाहीत, याचा अर्थ देशात माया आटली असा मी कधीच लावला नाही. मूल पोटाशी धरायचं आणि वेळ आली की हात सैल सोडायचा, ही दोन्ही कामं एकाच माणसाने करायची असतात. पहिलं बहुतेकांना जमतं. दुसरं जमेल असं ज्यांना वाटतं, ती माणसं शोधणं म्हणजे आमची भरती. हे पुस्तक त्या दुसऱ्या कामाविषयी आहे.

लेखिका स्वतः फॉस्टर केअरर आहेत. त्यांची आणि माझी पहिली गाठ पडली ती त्यांच्या बैठकीच्या खोलीत, आणि मी तिथे तपासायला गेले होते. टेबलावर चहा आणि चकल्यांची बशी. "आधी खाऊन घ्या, मग काय ते विचारा." मी खाल्ल्या आणि विचारायला लागले. लहानपणी मार कोणाचा खाल्लात? नवऱ्याशी बिनसलं की आधी कोण बोलतं? मूल होत नव्हतं त्या वर्षांत घरात काय बोलणं व्हायचं? औषधं कुठे ठेवता? देवघरातलं निरांजन तीन वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल का? मागच्या बागेतल्या हौदावर जाळी आहे का? सहाव्या की सातव्या भेटीत त्या हसून म्हणाल्या, "ताई, माझ्या लग्नाच्या वेळी सासरच्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती."

त्यांचं म्हणणं खरं होतं. इंग्लंडमध्ये फॉस्टर केअरर होणाऱ्याची पोलीस नोंदींची पडताळणी होते, डॉक्टरांचा अहवाल येतो, ओळखीची माणसं भेटून साक्ष देतात, पूर्वीच्या नात्यातला जोडीदार असला तर बहुधा त्यालाही विचारलं जातं. काही दिवसांचं प्रशिक्षण असतं. मग सामाजिक कार्यकर्ता, म्हणजे माझ्यासारखं कोणीतरी, महिनोन्महिने घरी येऊन एक लांबलचक अहवाल लिहितो. तो एका समितीपुढे जातो, तिला पॅनेल म्हणतात. पॅनेल शिफारस करतं आणि कौन्सिलचा नेमलेला अधिकारी निर्णय देतो. चौकशीच्या पहिल्या फोनपासून इथवर सहाएक महिने सहज जातात. या सगळ्यात अर्जदाराला सर्वांत जास्त खुपतात ते बालपणाचे प्रश्न. ते विचारायचं कारण साधं आहे. येणारं मूल ओरडेल, चावेल, खोटं बोलेल. आणि तेव्हा आपल्या तोंडून जे निघतं ते आपण लहानपणी ऐकलेलं असतं.

आता शब्दांविषयी थोडं, कारण लेखिकेने त्यावर बराच विचार केला आहे. इंग्रजीतल्या 'फॉस्टर' या शब्दाचं मूळ जुन्या इंग्रजीत अन्नाशी, खाऊ घालण्याशी जोडलेलं आहे. म्हणजे आपलं 'पोसणं'च. पण 'पोसणं' आज मराठीत उपकाराचा वास घेऊन येतं. "इतकी वर्षं पोसला" हे वाक्य कोणी प्रेमाने म्हणत नाही. महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत 'प्रतिपालक' आणि 'संगोपन' हे शब्द आहेत. ते फाईलीत शोभतात, तोंडात बसत नाहीत. इंग्लंडमधली मराठी माणसं सरळ 'फॉस्टरिंग' म्हणतात. लेखिकेने तो शब्द ठेवला आहे आणि जोडीला 'सांभाळ' हा आपला शब्द घेतला आहे. दुसऱ्याची वस्तू, दुसऱ्याचं घर, दुसऱ्याचं मूल सांभाळायचं असतं. परत देणं त्या शब्दातच आहे.

'दत्तक' या शब्दाची गोष्ट मात्र निराळी. तो आपल्या हाडीमाशी भिनलेला आहे. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळराव १८७५ साली बडोद्याच्या गादीवर सयाजीराव म्हणून दत्तक गेला. कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरचा शाहू झाला. पण त्या दत्तकात घराला मूल हवं असतं: गादीला वारस, इस्टेटीला नाव, पितरांना पाणी. कौन्सिलच्या कामात दिशा उलटी आहे. तिथे मुलाला घर हवं असतं आणि घराने रांगेत उभं राहायचं असतं.

यात इतिहासाचा एक चमत्कारिक पेच आहे. १८४८ साली साताऱ्याच्या शहाजीराजांनी मरणाआधी मुलगा दत्तक घेतला. कंपनी सरकारने गादीपुरतं ते दत्तक अमान्य केलं आणि राज्य खालसा केलं. पुढे झाशीचंही तेच झालं. साताऱ्याला दत्तकाचा कायदा शिकवणाऱ्या त्या इंग्लंडमध्ये त्या काळी दत्तकाचा कायदाच नव्हता. तो झाला १९२६ साली. तोवर इंग्लिश कायद्याच्या लेखी मूल रक्ताच्या आईबापाचंच, मग ते वाढो कोणाच्याही घरी.

मुलं वाढत होती, अर्थातच. कॅप्टन टॉमस कोरम यांनी १७३९ साली राजाची सनद मिळवून लंडनमध्ये फाउंडलिंग हॉस्पिटल काढलं. नावात हॉस्पिटल असलं तरी तो टाकलेल्या मुलांचा आश्रम होता. मूल सोपवताना आया ओळखीची खूण ठेवत: कापडाचा तुकडा, कोरलेलं नाणं, एखादं बटण. दिवस पालटले तर ती सांगून मूल परत नेता यावं. त्या खुणा आजही लंडनच्या संग्रहालयात काचेआड आहेत, कारण बहुतेक कोणी परत आलं नाही. मला त्या संग्रहालयात खुणांइतकंच दुसरं काहीतरी छळतं. आश्रमात आलेलं तान्हं मूल आधी खेड्यातल्या दाईकडे पाठवत. ते तिच्या अंगावर पिऊन, तिच्या घरात चालायला शिकून पाचएक वर्षांचं झालं की लंडनला परत आणत. तिलाच आई समजलेल्या मुलाला तिच्यापासून तोडण्याचा दिवस नोंदवहीत असे; त्या दिवशी दाईचं काय होत असेल, याला नोंदवहीत रकाना नव्हता. आज आम्ही जो रकाना भरायला धडपडतो तो हाच.

कौन्सिल या कामात गांभीर्याने उतरली ती एका मुलाच्या मरणानंतर. वेल्समधल्या न्यूपोर्टचा डेनिस ओ'नील. घरच्या हेळसांडीमुळे न्यूपोर्ट कौन्सिलने त्याला ताब्यात घेतलं आणि पुढे श्रॉपशरमधल्या एका शेतकरी जोडप्याकडे सांभाळायला ठेवलं. ९ जानेवारी १९४५ रोजी तो तिथे मेला. बारा वर्षांचा होता. उपासमार झालेली, अंगावर माराचे वळ. युद्ध चालू असतानाही देशभर हलकल्लोळ झाला. सर वॉल्टर मॉन्क्टन यांच्या चौकशीत दिसलं ते असं की मूल एका कौन्सिलचं, शेत दुसऱ्या कौन्सिलच्या हद्दीतलं, आणि मधल्या मध्ये कोणी वेळेवर, नीट जाऊन पाहिलंच नव्हतं. अगाथा ख्रिस्ती यांनी या घटनेचं बीज घेऊन जे लिहिलं त्यातून 'द माउसट्रॅप' नाटक झालं. १९५२ साली लंडनच्या रंगभूमीवर आलेलं ते नाटक तिथे जाणारे मराठी पर्यटकही हौसेने पाहतात. त्यामागे हे मूल आहे हे थोड्यांना ठाऊक असतं.

मायरा कर्टिस यांच्या समितीचा अहवाल १९४६ साली आला आणि १९४८ च्या कायद्याने प्रत्येक मोठ्या स्थानिक संस्थेला मुलांसाठी वेगळी समिती आणि वेगळा अधिकारी नेमावा लागला. फाईल सांभाळणाऱ्या कारकुनाच्या जागी मुलाला प्रत्यक्ष ओळखणारा माणूस असावा, ही त्यामागची कल्पना. आजची घडी १९८९ च्या बालक कायद्याने बसवली. मुलाला लक्षणीय हानी होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं न्यायालयाला पटलं, तरच त्याला आईबापांच्या इच्छेविरुद्ध कौन्सिलच्या ताब्यात देता येतं. आईबाप आपणहून तयार असतील तर न्यायालयाशिवायही सोय होते. ताबा मिळाला की कौन्सिल मुलाची पालक होते, पण आईबापांचं पालकत्व पुसलं जात नाही. एका मुलाला आई, कौन्सिल आणि फॉस्टर केअरर असे तीन धनी. लेखिका म्हणतात तसं, केस कापायचे तरी विचारावं लागतं. मराठी घरात हे वाचून कोणी हसेल. पण ज्या आईकडे मुलाचं दुसरं काही उरलेलं नाही तिने भेटीच्या दिवशी पोराचे कुरळे केस गेलेले पाहिले, तर ते जावळ आपल्या हाताने काढायचं राहिलं हे दुःख आपल्याला कळायला अवघड नसावं.

आता थोडे आकडे, कारण त्यांशिवाय भरतीची निकड कळत नाही. ३१ मार्च २०२४ रोजी इंग्लंडमधल्या कौन्सिलांच्या सांभाळात ८३,६३० मुलं होती. त्यातली सुमारे दोन तृतीयांश फॉस्टर घरांत. त्या वर्षात दत्तक गेलेली मुलं तीन हजारांहून कमी. याउलट १९६८ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून जवळपास २५ हजार दत्तक आदेश निघाले होते, तो कळस. त्याच सुमारास गर्भपाताचा कायदा लागू झाला, पुढे संततिनियमन सोपं झालं, एकट्या आईला सरकारी आधार मिळू लागला आणि कुमारी मातेच्या कपाळावरचा डागही फिकट झाला. तान्हं मूल सोडून देणारी आई जवळजवळ उरली नाही. आज दत्तक जाणारं मूल बहुधा न्यायालयातून आलेलं असतं, तीन-चार वर्षांचं, मागे भावंडं आणि आठवणी असलेलं. 'बाळ हवं' म्हणून कौन्सिलकडे येणाऱ्या जोडप्याला हे पहिल्या भेटीत सांगावं लागतं आणि त्यातली बरीच दुसऱ्या भेटीला येत नाहीत.

भरतीचं काम वरून जाहिरातीचं दिसतं. दर मे महिन्यात फॉस्टरिंगचा पंधरवडा असतो. बसच्या पाठीवर, चौकातल्या वर्तुळात, दवाखान्याच्या पडद्यावर हसरी मुलं झळकतात. फोन येतात. मग गळती सुरू होते. मुलाला स्वतंत्र खोली लागते आणि लंडनच्या आसपास जादा खोली म्हणजे चैन. दोघंही नोकरीला, मग शाळेच्या बैठका आणि आईच्या भेटीगाठी कोणी सांभाळायच्या? पैशांचा मुद्दाही असतो. मुलाच्या खर्चासाठी सरकारने ठरवलेला किमान भत्ता २०२५-२६ साली वयानुसार आणि ठिकाणानुसार आठवड्याला पावणेदोनशे ते तीनशे पौंडांच्या घरात होता. त्यावर मानधन प्रत्येक ठिकाणी वेगळं. "पैशासाठी करतात" हा टोमणा प्रत्येक केअररने ऐकलेला आहे. रात्री तीनला किंचाळत उठणाऱ्या मुलापाशी बसलेल्या माणसाचा तासाचा दर काढून पाहिला की टोमणा आपोआप विरतो.

शिवाय कौन्सिलची स्पर्धा खासगी संस्थांशी असते. एकाच गल्लीत एक घर कौन्सिलचं, पलीकडचं संस्थेचं, आणि जागा नसली की कौन्सिलने जास्त पैसे मोजून पलीकडचं घर घ्यायचं. या बाजारात काहीतरी बिघडलं आहे असं स्पर्धेवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेनेच २०२२ साली म्हटलं. वेल्सने २०२५ मध्ये मुलांच्या सांभाळातून नफा हद्दपार करण्याचा कायदा केला. ईशान्य इंग्लंडमधल्या कौन्सिलांनी २०२३ पासून एकत्र येऊन भरतीची एकच खिडकी उघडली. एवढं करूनही माझा अनुभव असा की सर्वांत चांगली जाहिरात म्हणजे शेजारच्या घरातली केअरर. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात चहा पिताना ते मूल दप्तर फेकून फ्रिज उघडताना दिसतं आणि पाहणारीच्या मनात येतं, हे मलाही जमेल.

पुस्तकातलं पहिल्या रात्रीचं प्रकरण मी नवशिक्या केअररना वाचून दाखवावं अशा तोडीचं आहे. मूल येतं ते बहुधा अंधार पडल्यावर, आणि सामान पुष्कळदा काळ्या कचरापिशवीत. आपल्या हाताला पहिली सवय काय? गरम पाण्याने आंघोळ घाल, मळके कपडे धुवायला टाक, ताट वाढ. लेखिकेनेही पहिल्यांदा तेच करायला घेतलं. मुलगी शर्ट काढू देईना. कपडे धुऊ नका, हे प्रशिक्षणात सांगितलेलं त्यांना तेव्हा आठवलं: त्या मळक्या शर्टाला तिच्या घराचा वास आहे, आणि या परक्या घरात तिच्या ओळखीचं तेवढंच काय ते आहे. शर्ट तीन रात्री उशाशी राहिला. जिन्यातला दिवा रात्रभर चालू. टेबलावर केळी, आणि "हवं तेव्हा घे" एवढंच वाक्य. भुकेची सवय असलेलं मूल उशीखाली पोळी लपवतं. ती सापडली तरी बोलायचं नाही, उलट कोरडा खाऊ भरलेला एक डबा त्याच्या खोलीत ठेवायचा. या प्रकरणात माया हा शब्द एकदाही येत नाही.

मराठी वाचकाला याचा काय संबंध, असा प्रश्न येईल. एक संबंध रंगाचा आणि भाषेचा आहे. १९७५ च्या सुमारास लंडनमध्ये 'सोल किड्स' नावाची मोहीम निघाली, कृष्णवर्णी मुलांसाठी कृष्णवर्णी घरं शोधायला. तोवर अशी घरं नाहीतच असं गृहीत धरलं जाई, म्हणजे कोणी विचारायलाच जात नसे. पुढे पारडं दुसरीकडे झुकलं. रंग जुळेपर्यंत मुलं खोळंबू लागली, म्हणून २०१४ साली इंग्लंडमध्ये दत्तकापुरती वंश विचारात घेण्याची खास अट कायद्यातून काढली गेली. तरीही बर्कशरमधल्या, ब्रिटनमध्येच जन्मलेल्या एका भारतीय वंशाच्या जोडप्याला तुमच्यासाठी इथे मूल मिळणं अवघड, भारतात प्रयत्न करा, असं सुचवलं गेलं. ते न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१९ मध्ये जिंकले. फॉस्टरिंगमध्ये धर्म, भाषा, संस्कृती यांचा विचार आजही करावाच लागतो. आईबापांविना आश्रयाला आलेली सात हजारांहून अधिक मुलं २०२४ च्या त्या आकडेवारीत होती, आणि अशा मुलांसाठी ओळखीचं जेवण शिजणारं घर हे अर्धं औषध असतं.

मराठी घरं यात फार थोडी. मी एकदा गणेशोत्सवात टेबल मांडलं होतं. माणसं आली, प्रेमाने बोलली, कौन्सिलची पेनं घेऊन गेली. दोघींनी पाळणाघराचे दर विचारले. एका आजोबांनी मात्र बाजूला घेऊन हळूच विचारलं, "जात कळते का हो मुलाची?" या प्रश्नाला लेखिकेने एक अख्खं प्रकरण दिलं आहे आणि त्यात त्या कोणाचीच भीड ठेवत नाहीत.

दुसरा संबंध कायद्याचा, आणि तो प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक असायला हवा. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालचं मूल आईबाप किंवा जवळचे नातेवाईक सोडून इतर कोणाकडे २८ दिवस किंवा त्याहून जास्त राहणार असेल तर कौन्सिलला कळवावं लागतं. जवळचे म्हणजे आजी-आजोबा, सख्खे-सावत्र भाऊबहीण, काका-मामा-आत्या-मावशी, सावत्र आईबाप. बस. मावसबहिणीची चौदा वर्षांची मुलगी वर्षभर शिकायला आपल्याकडे आली तर आपल्या हिशेबाने ती भाचीच; त्यांच्या कायद्यात ती परकी. कौन्सिलचा माणूस दारात आला की आपल्याला अपमान वाटतो. डेनिस ओ'नीलच्या घरी तो माणूस वेळेवर पोचला नव्हता, एवढं आठवलं तर चहा ठेवायला हरकत नाही.

लेखिका व्यवस्थेची भाटगिरी करत नाहीत. घरं कमी म्हणून भावंडांची ताटातूट होते, मूल शाळेपासून कोसभर नव्हे तर शंभर कोस दूर जातं, काही मुलं इतकी घरं बदलतात की नवीन पत्ता पाठच करत नाहीत. अठराव्या वाढदिवसाला हातात पिशवी देण्याची रीत २०१४ च्या कायद्याने थोडी सुधारली. मुलगा आणि केअरर दोघांची तयारी असेल तर एकविसाव्या वर्षापर्यंत राहता येतं, पण पैशाची तंगी तिथेही नडते. आणि सर्वांत बोचरा प्रश्न त्या एका आईच्या तोंडून विचारतात. भेटकेंद्रात, देखरेख करणाऱ्या बाईसमोर मुलाला भरवताना ती आई म्हणाली होती, की तुम्हाला आठवड्याला जे मिळतं ते मला मिळालं असतं तर? लेखिकेकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पैशाने नशा सुटत नाही, मारकुटा जोडीदार जात नाही, हे खरं. पण कितीतरी घरं मोडण्याआधी सावरता आली असती, हेही मी फाईलींत पाहिलं आहे.

भारतातल्या वाचकालाही हे दूरचं वाटू नये. २०१५ च्या बालन्याय कायद्यात प्रतिपालक कुटुंबाची तरतूद आहे आणि २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी एकट्या स्त्री-पुरुषालाही ती वाट मोकळी केली. कायदा झाला आहे. घरं शोधायची आहेत. ती शोधायला जाणाऱ्याला दारोदारी आईचाच प्रश्न ऐकू येणार आहे.

त्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारं प्रकरण शेवटून दुसरं. लेखिकेकडे सोळा महिने राहिलेला दोन वर्षांचा मुलगा दत्तक जायचा होता. अशा वेळी दहा-बारा दिवस ओळखीचे ठेवतात. पहिल्या दिवशी नवे आईबाप तासभर येतात, जमिनीवर बसून खेळतात. मग ते जेवू घालतात, मग आंघोळ, मग झोपवणं; आणि सांभाळणारी रोज एक एक काम खाली ठेवत मागे सरकते. मी त्या दिवसांत दोनदा गेले होते. लेखिकेने एका वहीत सगळं लिहून काढलं होतं: मऊ भात कसा, तूप किती, दात येताना काय, कोणत्या कुशीवर झोपतो. सातव्या दिवशी मूल बागेत पडलं, रडत उठलं आणि दोघी बायका उभ्या होत्या त्या बाजूला धावलं. लेखिकेने हात पुढे केले नाहीत. पाठीमागे एकात एक घट्ट धरून ठेवले. मी मागे उभी होते म्हणून मला ते दिसलं. मूल नव्या आईच्या पायांना बिलगलं. संध्याकाळी भांडी घासताना त्या मला म्हणाल्या, "ताई, तुमच्या त्या फॉर्ममध्ये याला रकाना आहे का हो?"

आईला मी हे सांगितलं ते फोनवर, तिच्या शेवटच्या वर्षात. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्याकडे गुरुवारी एक मुलगा वाराने जेवायला यायचा. सांगलीच्या घरी. मी सात-आठ वर्षांची असेन." मला हे ठाऊकच नव्हतं. बोलायचा नाही म्हणे. मान खाली घालून जेवायचा. आजी त्याच्यासाठी तुपाची वाटी वेगळी काढून ठेवी. चार वर्षं आला. मॅट्रिक झाला आणि कुठेशी नोकरी लागून गेला. पुढच्या गुरुवारी आजीने सवयीने पाट मांडला, रांगोळी काढली, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? जूनमध्ये दुसरा आला."